बिनचूक कार्ड

“म्हणजे चुकीला चूक म्हणायचंच नाही का, बुवा?”

तुळाजीबुवा चिंचा फोडत बसले होते. दगडावर चिंच ठेवायची, लाकडाने हलकेच ठोकायची, गर एका टोपलीत, चिंचोके दुसऱ्या टोपलीत.

“म्हणा की,” बुवा म्हणाले. “मी कुठं न्हाई म्हणलो?”

“पण त्यावर आपण काहीच बोलत नाही.”

“तुम्ही बोलताय न्हवं? दोघांनी एकदम बोलून कसं चालंल?”

विचारणारे होते गद्रे. आठ दिवस झाले, हे असंच चाललं होतं. प्रश्न मोठा विचारायचा आणि उत्तर हातावर चिंचोक्याएवढं पडायचं.

मोरेश्वर गद्रे म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. शहरातल्या एका छापखान्यात त्यांनी एकतीस वर्षं मुद्रितं तपासली होती. पुस्तक छापायच्या आधी जो कच्चा कागद निघतो, त्यातल्या चुका लाल शाईने खुणावायच्या, हे त्यांचं काम. गद्रे निवृत्त झाले, पण लाल पेन निवृत्त झालं नाही. ते सदऱ्याच्या खिशातच राहिलं आणि खिशातून सारखं बाहेर येऊ लागलं.

दुकानाच्या पाटीवर ‘शुध्द तुप’ दिसलं की ते दुकानात शिरून मालकाला बाहेर बोलवायचे. लग्नपत्रिकेत ‘आशिर्वाद’ दिसला की त्या लग्नाला जायचे नाहीत. त्यामुळे गेल्या तीन-चार वर्षांत त्यांनी फारशी लग्नं जेवली नव्हती. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी पथ्य लिहून दिलं, तर त्या कागदावर त्यांना दोन चुका सापडल्या आणि दाब आणखी वाढला.

शेवटी कुणीतरी म्हणालं, चिंचेच्या मठात जाऊन राहा चार दिवस. मन निवतं तिथं.

म्हणून गद्रे आले. पिशवीत दोन सदरे, दोन धोतरं, रक्तदाबाच्या गोळ्या, चुका टिपायची वही आणि दोऱ्याने बांधलेला पोस्टकार्डांचा एक गठ्ठा.

मठाच्या दारातच त्यांचं स्वागत पाटीने केलं. पाच ओळी, अकरा चुका.

“ही पाटी कुणी लिहिली?” आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं. पाया पडणं राहूनच गेलं.

“गावातल्या रंगाऱ्यानं,” बुवा म्हणाले होते. “का वो?”

“पिण्याचे पाणी, यातलं पाणीच चुकलंय!”

“आरं तिच्या... मग?”

“मग काय? दुरुस्त करायला हवं. रंग आहे का? शिडी आहे का?”

“हाय की. चढा तुम्ही, शिडी मी धरतो.”

आणि खरोखर बुवांनी अर्धा तास उन्हात शिडी धरली. ऐंशीच्या घरातला माणूस, पण वर एकदाही पाहिलं नाही. फक्त मधूनमधून विचारायचे, “पाय बरोबर पडलाय न्हवं?”

पाटी शुद्ध झाली. गद्रे दोन दिवस दाराशी घुटमळले. कुणी काही म्हणेल, विचारेल, निदान थांबून वाचेल. लोक पाटीखालून आले, पाणी प्यायले, चपला काढून आत गेले. आधीही तसंच करत होते.

मठ तरी कसला? चार चिंचेची झाडं, एक पत्र्याची पडवी आणि बुवा. प्रवचन नाही, उपदेश नाही. बुवांना कुणी गुरू म्हटलं की ते मागे वळून बघायचे, की कोण आलं बुवा आणखी.

दुपारची जेवणं झाली की माणसं झाडाखाली जमायची. ज्याला काही सांगायचं असेल त्याने सांगायचं. घरातलं, शेतातलं, मनातलं. बुवा ऐकायचे आणि हुंकार द्यायचे.

“हूं.”

एवढंच. कधी आखूड, कधी लांब, कधी मान हलवून, कधी नुसता श्वास सोडल्यासारखा. सांगणारा सांगून मोकळा व्हायचा, कपाळाला हात लावून नमस्कार करायचा आणि घरी जायचा. जाताना चेहरा उजळलेला असायचा, हे गद्र्यांनाही मान्य करावं लागलं. कारण मात्र कळेना.

“बुवा सांगतात काय नेमकं?” एकदा त्यांनी येसाबाईला विचारलं. ही म्हातारी रोज चिंचा फोडायला यायची.

“काय सांगायचंय? आपुन सांगतो की त्येस्नी.”

येसाबाईचं बोलणं गद्र्यांनी वहीत टिपून घेतलं. बुवांच्या बोलण्यातल्या चुका त्यांनी मोठ्या मनाने माफ केल्या होत्या. म्हणजे वहीत लिहिल्या होत्या, फक्त खाली रेघ मारली नव्हती.

तर आज बुवांनी ठोकणी खाली ठेवली आणि विचारलं, “मोरेश्वरराव, तुम्हाला कोण लिवतं का?”

“म्हणजे?”

“पत्रबित्र.”

“बहीण लिहायची. आक्का. आता नाही लिहीत.”

“कधीपास्नं?”

“वर्ष होऊन गेलं.”

“बऱ्या हायत न्हवं?”

हीच गोष्ट गद्र्यांना आतून खात होती. आक्का सत्तरीची. आई गेली तेव्हा मोरू तीन वर्षांचा होता. आक्काने चौथीत शाळा सोडली आणि त्याला कडेवर घेतलं. तिच्या कडेवरून उतरून तो थेट शाळेत गेला होता. लग्न होऊन ती गडहिंग्लजला गेली, पण दर पंधरा दिवसांनी कार्ड ठरलेलं. आणि आता काहीच नाही. ती बरी आहे ना, एवढंही त्यांना ठाऊक नव्हतं. रोज सकाळी पोस्टमन दारावरून पुढे गेला की ते बाहेर येऊन त्याच्या पाठीकडे बघत राहायचे.

“तुम्ही लिवलं का?”

“मी तिच्या कार्डांना उत्तरं देत असे. कार्डच नाही, तर उत्तर कशाचं देणार?”

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग घसा खाकरला.

“चिंचंच्या धुरळ्यानं घसा बसलाय माझा. आज दुपारी हुंकार तुम्ही द्या.”

गद्रे चकित झाले. आपल्याला पोथी वाचायला बसवतील, अशी त्यांना पहिल्या दिवसापासून आशा होती. आवाज चांगला, उच्चार शुद्ध. आणि बुवांनी काय दिलं, तर हूं म्हणायचं काम!

“त्यात काय आहे?” ते म्हणाले.

“काई न्हाई,” बुवा म्हणाले.

...

दुपारी झाडाखाली दहा-बारा माणसं होती. बुवांच्या जागेवर गद्रे, बुवा खोडाला टेकून बाजूला. आज येसाबाईला सांगायचं होतं.

“माझी आन माझ्या जावंची बोली न्हाई,” येसाबाई म्हणाली. “बारा वर्सं झाली. हिरीवर समोरासमोर येतो, पर त्वांड फिरवून पानी वडतो.”

ती थांबली.

गद्रे ‘वर्सं’पाशी अडकले होते. तिथून सुटले तर ‘हिरी’ आडवी आली. सगळे आपल्याकडे बघताहेत, हे लक्षात आलं तेव्हा ते घाईने म्हणाले, “हूं.”

“तर आज सकाळी तिनं वाटी धाडली. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. मला आवडती ती तिला ठावं हाय. बारा वर्सांत इसरली न्हाई ती.” येसाबाईचा आवाज हलला. पदर तोंडाशी गेला.

गद्र्यांच्या मनात आलं, ‘मला आवडते हे’ म्हणायला हवं, ‘ती’ नव्हे. का ‘जी’? वाक्यरचनाच मुळात...

सगळे थांबले होते. येसाबाई पदर तसाच धरून थांबली होती. हुंकार आला नाही.

मग तिनेच पुढचं विचारलं. “आता वाटी रिकामी तर धाडता येत न्हाई. तर मी तिच्यात काय घालून धाडू?”

“हूं,” गद्रे म्हणाले.

माणसं फसकन हसली. एक जण तर हसता हसता उलटाच झाला. येसाबाई मात्र हसली नाही. तिने पदर नीट केला, चिंचेची टोपली ओढली आणि बुवांकडे बघून म्हणाली, “ह्ये हुंकार देत न्हाईत बुवा. हजेरी लावत्यात.”

आणि ती पुढे काही बोललीच नाही. वाटीचं तसंच राहिलं.

गद्र्यांचे कान तापले. एकतीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एक काना सुटला नव्हता आणि आज दहा माणसांत ते ‘हूं’ म्हणण्यात नापास झाले होते.

...

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी भरूनच बुवांपुढे आले.

“निघतो मी.”

“बरं.”

“आपण मला मुद्दाम तिथं बसवलंत. लोकांत हसं केलंत.”

“हसली खरी माणसं,” बुवा म्हणाले. “मीबी हसलो जरा.”

“पण ती बोलते ते ऐकवत नाही, बुवा! शब्द न् शब्द... मी काय करू? ज्याला दिसतं त्याने डोळे मिटून घ्यायचे का? माझी सख्खी बहीण. तिचंसुद्धा मी तसंच सोडलं नाही. हे बघा.”

आणि त्यांनी पिशवीतून गठ्ठा काढला. दोरा सोडला. निवृत्तीनंतर आलेली चाळीसेक पोस्टकार्डं, तारीखवार. प्रत्येकावर निळ्या शाईतली वाकडीतिकडी अक्षरं आणि त्यांवर लाल खुणा.

“कार्ड आलं की मी आधी चुका खुणावायचो. मग कोऱ्या कार्डावर तिचाच मजकूर शुद्ध करून उतरवायचो आणि तिला परत पाठवायचो. एकही चुकवलं नाही. खाली सही, मोरू.”

“तिचाच मजकूर?”

“हो.”

“तुमचं काय न्हाई त्यात?”

“माझ्या दुरुस्त्या होत्या ना.”

बुवांनी हात पुसले आणि पायाशी जागा दाखवली. “बसा. एस्टीला वेळ हाय. काय म्हंत्यात आक्का?”

गद्र्यांनी पहिलं कार्ड उचललं. “यात चौदा चुका आहेत. पहिली म्हणजे...”

“त्या ऱ्हाऊ द्या. आक्का काय म्हंत्यात?”

गद्र्यांनी तोंड उघडलं...

आठवेना. पहिल्या ओळीत कुठे रेघ मारली, तिसऱ्या ओळीत काय खोडलं, हे डोळे मिटून सांगता आलं असतं. पण आक्काने लिहिलं काय होतं? एकतीस वर्षं पानं तपासली, पानात काय आहे ते कधी कुणी विचारलं नव्हतं. ते त्यांचं कामच नव्हतं.

“वाचा,” बुवा म्हणाले. “मी हाय.”

गद्रे वाचू लागले.

“मोरू, पेरूला यंदा बहर आला. आतून गुलाबी निघाले. तू लहान असताना पेरू खाऊन बिया माझ्या हातावर काढायचास, आठवतं का? ते आठवून मी चुलीपुढे एकटीच हसले.”

“हूं,” बुवा म्हणाले. बसलेला घसा, तरी त्यात हसू होतं.

गद्र्यांनी मान वर केली. मग पुन्हा खाली. खरंच, तिच्या हातावर. ती ओल्या हाताने बिया मोजून दाखवायची आणि म्हणायची, एवढी झाडं येणार तुझ्या पोटात.

“पुढचं,” बुवा म्हणाले.

“ह्यांना आता ऐकू कमी येतं. मी बोलते, हे खिडकीकडे बघतात. त्यांचा काय दोष? पण दिवसभर माझं तोंड मिटलेलं असतं. म्हणून मोरू, आता तुला कार्डं जास्त येतील. कंटाळू नकोस रे.”

“हूं...”

हा हुंकार लांब होता. तो संपेपर्यंत गद्र्यांना पुढचं कार्ड उचलता आलं नाही. ह्या कार्डावर सतरा लाल खुणा होत्या. ह्याचीही त्यांनी शुद्ध प्रत केली होती. कंटाळू नकोस रे, हे स्वतःच्या हाताने स्वच्छ अक्षरात लिहून तिलाच परत पाठवलं होतं.

ते वाचत गेले. गाय आटली. कौलं शाकारली. डावा गुडघा धरतो. स्वप्नात आई आली होती, तिने तुला विचारलं. प्रत्येक वाक्याला बुवांचा हुंकार होता आणि प्रत्येक हुंकाराला आक्का थोडी जवळ येत होती. मधल्याच एका कार्डाला ती इतकी जवळ आली, की गद्र्यांना तिच्या पदराचा धुराचा वास आला.

मग कार्डं आखूड होऊ लागली.

“तुझं कार्ड मिळालं. चुका कळल्या. आता शेजारच्या मास्तरणीला विचारून लिहिते. तिला सारखं विचारायला लाज वाटते, म्हणून थोडंच लिहिते.”

“हूं,” बुवा अगदी हळू म्हणाले.

आता शेवटचं कार्ड राहिलं होतं. ते हातात घेताच गद्र्यांचा चेहरा जरा खुलला. सवयच ती.

“हे मात्र बघा, बुवा. एकही लाल खूण नाही. हे आलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. म्हटलं, सत्तरीत सुधारली माझी बहीण!”

“वाचा.”

“प्रिय बंधू, सप्रेम नमस्कार. आम्ही कुशल आहोत. तुम्ही कसे आहात? कळावे.”

ते थांबले.

झाडावरून एक चिंच पडली. बुवा काही बोलले नाहीत.

गद्रे वाट बघत राहिले.

“बुवा?”

“हां.”

“वाचलं मी.”

“व्हय. ऐकलं.”

“मग... हुंकार?”

बुवांनी कार्ड हातात घेतलं. पुढून बघितलं. उलटून मागून बघितलं. उजेडाकडे धरून बघितलं, कुठे काही दिसतंय का. मग ते परत गद्र्यांच्या हातात दिलं.

“कुठं देऊ?” त्यांनी विचारलं.

...

गद्र्यांनी कार्डाकडे पाहिलं. त्यात पेरू नव्हता, गुडघा नव्हता, आई नव्हती. मोरूही नव्हता. ज्याला कडेवर वाढवलं त्याला ती ‘तुम्ही’ म्हणत होती. जेवढे शब्द खात्रीचे होते तेवढेच तिने लिहिले होते आणि मग तेही लिहायचे थांबवले होते.

त्यांना रडू आलं. बासष्ट वर्षांचा माणूस, पण हुंदके देऊन रडला. बुवांनी त्यांच्याकडे न बघता ठोकणी उचलली आणि चिंचा फोडायला घेतल्या.

येसाबाई आली, टोपली घेऊन बसली.

बऱ्याच वेळाने गद्र्यांनी नाक पुसलं आणि तिला विचारलं, “त्या वाटीत काय घातलंत हो शेवटी?”

म्हातारी जरा दचकली. “शेंगदाण्याचं कूट,” ती म्हणाली. “घरचं. पर धाडलं न्हाई मी. मीच घिऊन गेले.”

“हूं,” गद्रे म्हणाले.

येसाबाईने त्यांच्याकडे बघितलं. मग मांडी मोडून नीट सरसावून बसली. “तर काय झालं सांगते. म्या दारात हुबी, आन ती आत भाकरी थापती...”

गद्र्यांची एस्टी चुकली. दुपारच्या गाडीने ते गेले. गडहिंग्लजला.

...

तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा चिंचा संपत आल्या होत्या. मठाचा उत्सव तोंडावर होता. रंगाऱ्याने दारावरची पाटी नवी रंगवली होती. गद्रे तिच्याखालून वाकून आत आले आणि ह्या खेपेला आधी पाया पडले.

पिशवीतून त्यांनी पाच पेरू काढले.

“शेवटचे आहेत. बहर संपला.”

बुवांनी एक फोडला. गुलाबी होता.

“आक्का बरी आहे,” गद्रे म्हणाले.

“हूं,” बुवा म्हणाले. घसा सुटला होता.

“दारात मला बघून म्हणाली, आलात? मी म्हटलं, आक्का, मी मोरू. तर म्हणाली, हो ना, बसा. मी बसलो. ती उभीच. दोन वाक्यं बोलली, वाट कशी होती, ऊन होतं का. मग थांबली आणि माझ्या खिशाकडे बघायला लागली, बुवा. पेन होतं तिथं.”

“हूं.”

“काय करावं कळेना. मग मी नुसतं हूं म्हटलं. तिला वाटलं, चुकून आलं तोंडून. तिने आणखी एक वाक्य बोलून बघितलं. मी पुन्हा म्हटलं, हूं.”

गद्रे थांबले. डोळे भरले होते, पण ते हसत होते.

“मग ती बसली. दूध उतू गेलं तरी उठली नाही. वर्षभराचं साठलेलं होतं. भाऊजींना ऐकू येत नाही, पण तिचे ओठ हलताना बघून तेही हसायला लागले. अकरा दिवस बोलत होती. मी तिची एक चूक...” ते अडखळले. “खोटं कशाला बोलू? चुका ऐकू येत होत्या. पण त्यांच्यासाठी थांबायला वेळच नव्हता. पुढं काय झालं ते हवं होतं ना.”

“हूं,” बुवा म्हणाले. पेरूची फोड त्यांनी गालात धरली होती.

“निघताना विचारलं तिने. कार्ड लिहू का रे? मी म्हटलं, लिही. म्हणाली, जसं येईल तसं? मी म्हटलं, हूं.”

त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं. परवाच आलं होतं. पाठपोट भरलेलं, चारही कडांनी फिरवून लिहिलेलं, पत्त्याच्या जागेतसुद्धा घुसलेलं. पोस्टमनने कसं आणून दिलं त्याचं त्यालाच ठाऊक. वर ठसठशीत ‘मोरू’ आणि त्याला जोडून प्रेमाची एक शिवी. लाल खूण एकही नाही.

“उत्तर धाडलं?” बुवांनी विचारलं.

“कालच. दोन कार्डं लागली. माझंच लिहिलं सगळं. गोळ्यांचं, तुमचं, येसाबाईच्या जावेचं.”

बुवांनी मान हलवली. पेरूच्या बिया तळहातावर काढल्या.

मग गद्रे गंभीर झाले. खिशातून ते लाल पेन काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि बुवांच्या पायांपाशी ठेवलं.

“हे आजपासून सोडलं, बुवा. आता जन्मात कुणाची चूक काढणार नाही.”

बोलताना त्यांची मान ताठ होती. सोडण्यातही मान ताठ राहते काही माणसांची.

बुवांनी पेनाकडे बघितलं. उचललं. टोपण घट्ट लावलं आणि पुढे वाकून ते गद्र्यांच्या खिशात परत खोचलं.

“पाटी बघितली का येताना?”

“बघितली,” गद्रे म्हणाले. आणि मग राहवेना. “नऊ आहेत. पाणी पुन्हा चुकलंय.”

“मग?”

“राहू दे ना, बुवा. लोक येतात, पाणी पितात. कुणाचं काय अडलंय?”

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. धोतराला हात पुसले आणि पडवीकडे चालू लागले.

“चला,” ते म्हणाले. “शिडी मी धरतो.”